माझ्या हातचा बेस

मिशिगनमधल्या ट्रॉयहून ॲन आर्बरला भर दुपारी निघालो होतो. रस्त्याच्या कडेला बर्फ साचलेलं, मागच्या सीटवर बेस गिटार, आणि डाव्या हाताचं एक बोट गेल्या महिन्यापासून बधिर. ज्ञानदाच्या फोक-रॉक अल्बममधलं एक गाणं वाजवायचं होतं. दिवसभर लॅबमध्ये राबणाऱ्या या पोरीनं जात्यावरच्या ओव्यांना ड्रम्स जोडले होते. मी भाड्याचा बेसवाला. लग्नाच्या अल्बममध्ये फोटोग्राफर दिसतो, तेवढेच आम्ही गाण्यात दिसतो. पण आयटी सोडून मी हेच धरलं होतं, आणि बोटाचं कुणाला कळलं असतं तर पुन्हा बोलावणं आलं नसतं. फार भीती वाटत होती.

स्टुडिओ तिच्या बेसमेंटमध्ये. ओल्या लाकडाचा वास. ती काचेपलीकडे बसली, मी हेडफोन चढवले. दुसऱ्याच ओवीला बोट तारेवरून घसरलं. मी हात मांडीवर ठेवला आणि ती गाणं थांबवेल म्हणून वाट पाहू लागलो.

बेस चालूच राहिला.

जुनं रेकॉर्डिंग असेल, म्हटलं. पण ओवी संपताना सूर किंचित खाली ओढायची खोड माझीच होती. मी तारांकडे पाहिलं. त्या हलत नव्हत्या.

"परफेक्ट टेक, निमिष."

"ज्ञानदा... मी मध्येच थांबलो होतो."

"काहीही काय, यार. तुझ्या हाताकडेच बघत होते मी."

तिनं माझा एकट्याचा ट्रॅक लावून दाखवला. कुठेही खंड नव्हता. खरं सांगायचं तर मी इतकं चांगलं कधीच वाजवलं नव्हतं, आणि तेच मनाला जास्त लागलं.

त्यानंतर कामं येतच गेली. मी नुसती गिटार घेऊन बसतो, आणि लोक म्हणतात, काय हात फिरतोय तुझा. आता कुठल्याच बोटाला काही जाणवत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही. कोण वाजवतंय, कशासाठी, मला खरंच कळत नाही.

काल ज्ञानदाचा फोन आला. या वेळी तिला कोरससाठी माझा आवाज हवा होता. काहीही झालं तरी नाही म्हणायचं, असं ठरवून मी तोंड उघडलं... शब्द फुटेना. जीभ बधिर. खोलीत चिटपाखरूही नव्हतं.

पलीकडे ज्ञानदा मात्र हसली.

"थँक्स रे. इतक्या पटकन हो म्हणशील असं वाटलं नव्हतं."