जानकी मॅडमच्या सहीचा रिपोर्ट

"व्यवसाय?" फॉर्मवरून नजर न उचलता मी विचारलं.

"टेनिस."

"छंद नाही विचारला. व्यवसाय."

"टेनिसच, मॅडमजी. झाशीत रेल्वेशिवाय दुसरं काही लिहिलेलं चालत नाही का?"

मी वर पाहिलं. पीपीई किटमध्ये माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती. धूसर असे दोन हसरे डोळे तेवढे दिसले. नाव अमोघ. वडील रेल्वेत, हाही रेल्वे कॉलनीतच वाढलेला. जागतिक क्रमवारीत सहाशे बारावा. मार्चमध्ये जगभरच्या स्पर्धा थांबल्या तसा तो घरी आला आणि इथेच अडकला. आता घसा दुखत होता, म्हणून आमच्या लॅबमध्ये कोरोनाच्या चाचणीला आला होता.

"आ करा."

"नाव तरी सांगा आधी. अनोळखी माणसासमोर मी आ करत नाही."

"शर्वरी. आ."

त्याचा तो नमुना मीच तपासला. निगेटिव्ह आला, मी विसरूनही गेले.

आठवड्यानं तो पुन्हा आला, इंग्रजीतल्या चाळीस पानांची नियमावली घेऊन. परदेशातली एक छोटी स्पर्धा सप्टेंबरात सुरू होणार होती आणि त्याला तिथं जागा मिळाली होती. "सूक्ष्मजीवशास्त्रातलं आम्हाला काय कळतं?" तो म्हणाला. "समजावून सांगाल?"

मग रोज संध्याकाळी, लॅबमधून घरी जाताना, मी रेल्वेच्या टेनिस कोर्टाशी थांबू लागले. पावसाचं साचलेलं पाणी तो झाडूनं काढत असायचा. मी एका पायरीवर बसायची, तो दूर दुसऱ्या टोकाला. अंतर त्यानं रॅकेटनं मोजलं होतं.

"तीन रॅकेट. बरोबर?"

"तीन म्हणजे पावणेसात फूट. सहा पुरेत."

"मग... थोडा सरकू का जवळ?"

मी नियमावलीचं पान उलटलं. तो नऊ इंच सरकला.

"बॉल उचलायला कुणी नाही, लाइनवर पंच नाहीत, प्रेक्षक नाहीत, आपला टॉवेल आपण सांभाळायचा. हे समजलं," तो म्हणाला. "पण मॅच संपल्यावर हात मिळवायचा नाही, रॅकेटला रॅकेट लावायची. का?"

"हात नकळत तोंडाकडे जातो. रॅकेट जात नाही."

"किती रूखं बोलता हो! दोन तास एकमेकांसाठी धावायचं आणि हातसुद्धा न मिळवता परत जायचं... वाईट नाही वाटणार?"

"वाटेल," मी म्हटलं. "पण खेळ तर होईल."

तो रॅकेटच्या तारा सरळ करू लागला. मग हळूच म्हणाला, "सत्तावीस वर्षांचा झालो. बाबांनी रेल्वेत खेळाडूंच्या भरतीचा फॉर्म आणून ठेवलाय. ह्या वेळी जाता आलं नाही, तर भरून टाकेन. झाशीतच राहीन."

झाशीतच... त्या दिवशी घरी जाताना हा एकच शब्द माझ्यासोबत चालत होता.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्याची चाचणी होती. रिपोर्ट निगेटिव्ह असेल तरच विमानात बसता येणार होतं; नाही तर जागा दुसऱ्याला. सकाळी नमुने आले. त्याची नळी मी उचलली, नंबर वाचला — आणि परत ठेवली. हात नीट होता. तरीही मी आमच्या प्रमुख जानकी मॅडमकडे गेले.

"मॅडम, ये सैंपल आप टेस्ट करेंगी?"

"क्यों? तुम्हारा हाथ तो सबसे साफ़ है।"

"इसके नतीजे से... मेरा कुछ जुड़ा है।"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "ट्यूब इधर दो," त्या म्हणाल्या. "और आज मशीन वाले कमरे में मत आना।"

चार वाजता अमोघ रिपोर्ट घ्यायला आला तेव्हा खिडकीवरच्या क्लार्कनं त्याला सगळं सांगून टाकलेलं होतं. तो सरळ माझ्यासमोर आला, सहा फुटांवर थांबला. डोळे हसत नव्हते.

"माझा नमुना तपासायला नकार दिलात? एवढं काय चुकलं माझं?"

"काही नाही."

"मग?"

बाहेर पाऊस भुरभुरत होता. मला लांबवून बोलता येत नाही.

"निगेटिव्ह आला तर तुम्ही जाल," मी म्हटलं. "पॉझिटिव्ह आला तर इथं राहाल, फॉर्म भराल... रोज संध्याकाळी दिसाल. नळी हातात घेतली तेव्हा मला दोन्हींतलं काय हवंय, ते मलाच सांगता येईना. अशा माणसानं चाचणी करायची नसते."

त्याची नजर माझ्या हातांकडे गेली.

तेवढ्यात जानकी मॅडम स्वतः बाहेर आल्या आणि सही केलेला कागद त्याच्या हाती दिला. "निगेटिव। जाओ, खेलो।"

मला आनंद झाला. मी तो आतून तपासून पाहिला, खरा होता. दुखलंही, पण ते नंतर, आणि आनंदाहून कमी.

अमोघनं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. जिन्यापर्यंत गेला आणि वळला.

"परत आल्यावर पुन्हा चाचणी लागेल ना?"

"लागेल."

"ती तरी तू करशील?"

"नाही," मी म्हटलं. "तीही जानकी मॅडमच करतील."