हनुवटीनं दाबलेलं कंट्रोल

"हा टायपिंगचा प्रोग्रॅम ज्या गाढवानं लिहिलाय ना, तो मला एकदा भेटायलाच हवा!" ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनपाशी मी मैत्रिणीला म्हणाले.

"भेटला... बोला."

मी वळले. विस्कटलेले केस, डोळ्यांत हसू. मैत्रीण कप घेऊन केव्हाच पसार!

जिन्यात पडल्यापासून माझा डावा हात प्लास्टरमध्ये होता. उजव्या हातानं अनुवाद रेटत होते. कीबोर्डवरचं डावीकडचं कंट्रोल बिघडलेलं, आणि उजवीकडच्यापासून एसपर्यंत एक हात पुरत नव्हता. पण कंट्रोल आणि एस दाबलं की सेव्ह व्हायचं सोडून नुसता 'स' उमटायचा. दुपारी वीज गेली, आणि अख्खं प्रकरण गेलं. शुक्रवारपर्यंत पुस्तक झालं नाही, तर संपादकबाई ते दुसऱ्या कुणाला देणार होत्या.

तो माझ्या टेबलाशी आला. "कसं दाबता, दाखवा."

मी वाकून हनुवटीनं कंट्रोल दाबलं, बोटानं एस. कान तापले माझे! तो मात्र हसला नाही.

"चूक माझीच. प्रत्येक बटण आधी माझा प्रोग्रॅम पकडतो आणि त्याचं अक्षर करतो. पण कंट्रोल दाबलेलं असताना मध्ये पडायचं नाही, हे त्याला सांगायचंच राहिलं."

तासाभरात त्यानं ते दुरुस्त केलं. तरी जागचा हलेना.

"काय बघताय?"

"तुमची हनुवटी..." तो गडबडला. "म्हणजे — तिला उगाच कामाला जुंपलंय, ते."

दोन दिवसांनी तो पुन्हा हजर. "आता कंट्रोल दाबा... आणि सोडून द्या. पुढचं बटण येईपर्यंत प्रोग्रॅम थांबेल."

मी एकाच बोटानं आधी कंट्रोल दाबलं, मग एस. झालं सेव्ह!

"हे कसं सुचलं?"

"डावा हात खिशात घालून काम करत होतो. आईला वाटलं दुखावलाय, शेकायलाच बसली."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. हात कसा आहे, असं सगळेच विचारायचे. त्या हातावाचून कसं भागवायचं, हे यानं करून पाहिलं होतं.

पुस्तक गुरुवारीच हातावेगळं झालं. संपादकबाईंनी चक्क पाठ थोपटली. मी त्याला फोन लावला.

"उद्या संध्याकाळी याल?"

"आता काय बिघडलं?"

"काहीच नाही."

"मग...?"

"तुम्ही आवडता मला, म्हणून."

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं.

"लागलं का हो?"

"खुर्ची होती," तो म्हणाला. "मी निघालोय... उद्यापर्यंत कोण थांबतंय!"