सकाळी बोलू, भाऊ

शनिवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी पेनिना आंबिलीचा डबा घेऊन घरात आली, तिथून हे सुरू झालं. माझे सासरे नेहमी ही वेळ आधी सांगतात, मग पुढचं. आम्ही त्यांना ताता म्हणतो. पेनिनाचा नवरा एरिसा हा तातांचा मित्र. तो अजून आहे. टेकडीवरच्या वळणाला डाव्या हाताचं घर त्याचंच.

परवा जेवणं झाल्यावर चुलीपाशी तातांनी विषय काढला, तशी माझी नणंद तुशाबे म्हणाली, "ताता, आपण देवाने तारलेली माणसं. भुताखेतांच्या गोष्टी कशाला?"

"भूत कोण म्हणालं? मी झेबुलोनीचं सांगतोय. नको असेल तर कानात बोटं घाल."

तिने काही बोटं घातली नाहीत. मी बाळाला शालीत ओढून घेतलं.

आमच्या प्रार्थनेच्या बैठकीत एक रीत आहे. आपलं पाप आपणच सगळ्यांसमोर उजेडात ठेवायचं. आपलं, दुसऱ्याचं नाही. आणि ज्याला दुखवलं असेल त्याच्याकडे झोपायच्या आत जायचं, कारण उद्या उठू की नाही ते आपल्या हातात नाही. समोरचा "माफ केलं" म्हणतो, हात हातात घेतो, झालं.

एरिसा इथेच चुकला. गुरुवारच्या बैठकीत उभा राहिला आणि आपलं सोडून झेबुलोनीचं सांगत बसला. "याच्या घरी ज्वारीची दारू काढतात. माठाचा वास मला आला." झेबुलोनी त्याचा शेजारी, बैठकीतला सगळ्यात वडीलधारा. त्या दिवशी त्याला प्रार्थना चालवू दिली नाही. तो मागच्या बाकावर जाऊन बसला. 

शनिवारी एरिसाच्या मुलीला ताप होता. दिवसभर काही खाईना. झेबुलोनीच्या बायकोच्या, केझियाच्या, हातची आंबील तेवढी मागत होती. पेनिना डबा घेऊन निघाली.

"त्या घरचं आणू नकोस," एरिसा म्हणाला.

"लेकराला तुमची बैठक कळत नाही," ती म्हणाली आणि गेली.

परत आली, मुलीला पाजली. मुलगी झोपली. मग उरलेली पेल्यात ओतून पेनिनाने नवऱ्याच्या हातात दिली.

"प्या."

तो प्यायला. गोड होती.

"यात दारू कुठे आहे ते दाखवा मला. त्याच माठातली आहे. केझियाने माझ्यासमोर काढली."

एरिसा पेल्यात बघत राहिला.

"झेबुलोनी अजून बाजारातून आलेले नाहीत. तुम्ही जाऊन बसा त्यांच्याकडे. येतील तेव्हा सांगा."

"बाहेर धुकं बघ किती आहे. सकाळी जातो. चर्चच्या आधी."

"सकाळ काय देवाने तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवलीय?"

तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. पेनिनाने दिवा विझवला.

दोघंही जागी होती तेव्हा दार वाजलं.

"एरिसा... भाऊ..."

झेबुलोनीचा आवाज. चांगला ओळखीचा. एरिसा उठून बसला.

"गुरुवारपासून तुझ्यावर रागावलोय मी. आज वाटेतसुद्धा मनात तुला शिव्याच देत होतो. तेवढं माफ कर. हे घेऊन मला पुढे जायचं नाही."

पेनिना कुजबुजली, "अहो, उघडा."

एरिसा उठला नाही. का, ते तातांनी त्याला नंतर विचारलं होतं. तो म्हणाला, लाज वाटली. खोटा मी, आणि माफी मागतोय तो. दार उघडलं असतं तर त्याच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

त्याने आतूनच हाक दिली, "सकाळी बोलू, भाऊ."

बाहेर काहीच नाही.

मग आवाज आला. "सकाळी...?"

जसा काही तो शब्द पहिल्यांदाच ऐकला.

"हो. सकाळी."

पावलं परत गेली नाहीत. पेनिना कान देऊन होती. कुत्रं भुंकलं नाही. पाऊस लागला. पत्र्यावर वाजायला लागला. ती उठायला गेली. एरिसाने तिचं मनगट धरलं.

"भाऊ... एवढंच म्हण..."

एरिसाने मनगट सोडलं नाही.

पाऊस.

पुन्हा कोणी बोललं नाही.

इथे ताता थांबतात.  बाळाचा श्वास तेवढा ऐकू येत होता, मी तो मोजत होते.

"मग?" तुशाबेने विचारलं.

मग उजाडलं. वरच्या घरातून केझियाचं रडणं ऐकू आलं. काबाले शहराहून माणूस निरोप घेऊन आला होता. झेबुलोनी बाजारातून येताना मोटारसायकल धुक्यात घसरून खाली दरीत गेली होती. आदल्या दिवशी. दिवस मावळायच्या आधी. रात्रभर तो शहरात इस्पितळाच्या मागच्या खोलीत होता, चादरीखाली.

एरिसाने कबरीपाशी सगळं सांगितलं. आंबील, दार, सगळं. लोक म्हणाले, माफ केलं. केझियाही म्हणाली, तिने त्याचा हातही हातात घेतला. तो हात आपला वाटलाच नाही, असं एरिसा सांगतो. तो शेतात जातो, जेवतो, बैठकीत मागच्या बाकावर बसतो. भीती वाटत नाही म्हणतो. रडूही येत नाही. फक्त दाराला आता कडी लावत नाही.

"स्वप्न पडलं असेल दोघांना," तुशाबे म्हणाली. आवाज बारीक झाला होता तिचा.

"मी गेलो होतो त्या सकाळी," ताता म्हणाले. "अंगणभर चिखल. आणि उंबऱ्याच्या बाहेर, शेजारी शेजारी, दोन गोल जागा कोरड्या. वर धूळ होती. माणूस गुडघे टेकून बसतो ना, तेवढ्या."

बाळ झोपल्यावर मी तातांना हळूच विचारलं, मग त्या जागा पुढच्या पावसात तरी भिजल्या का?

त्यांनी मान हलवली. नाही. अजून नाही.

तुम्ही हे वाचलंत, तर आज दिवस मावळायच्या आत शेजारच्या घरी जाऊन सांगा, आणि त्यांना त्यांच्या शेजारी सांगायला सांगा. रात्री कोणी माफी मागायला आलं, तर दार उघडायचा धीर नसला तरी चालेल. आतून "माफ केलं" एवढं म्हणा.