विहिरीपर्यंतचे थेंब

भर बाराला विहिरीवर जायचं नाही, हे आमच्या वाडीत तान्ह्या पोरालाही माहीत होतं. ती वेळ साती आसरांची. त्या तेव्हा पाण्यातून वर येतात, काठावर बसून केस वाळवतात आणि तरणी मुलगी दिसली की तिला खाली सोबत नेतात... असं म्हणत. मी त्या दिवशी मुद्दाम भर बाराला गेले. चिडलेच होते मी!

चिडायला कारण होते ते थेंब.

पंचावन्न सालचा चैत्र होता. चाकणहून पिंपरीला जाणाऱ्या रस्त्यावरून आमची पाणंद खाली उतरते, मोठ्या चिंचेखालून जाते आणि विहिरीपाशी संपते. सगळा खडक, चाकाचा काय, बैलाच्या खुराचाही ठसा उमटत नाही. त्या खडकावर महिनाभर काळे, चिकट थेंब पडत होते. रस्त्यापासून थेट विहिरीच्या काठापर्यंत! दुपार टळल्यावर मोट जुंपायला गेलं की कालच्या थेंबांवर धूळ बसलेली असायची आणि शेजारी आजचे ताजे. बायकांनी त्यांच्यावर हळदकुंकू वाहिलं, लिंबं ठेवली. माझ्या वडिलांची, आबांची नजर अधू झाल्यापासून मोटेवर मीच असायची. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं, की आसरा मला, म्हणजे आबांच्या इंद्रायणीला, बोलावताहेत.

मग माणसांचं बोलावणं बंद झालं. दोन स्थळं उंबऱ्यातून परत फिरली. छबूआत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, घरात शब्द तिचाच. तिनं सांगून टाकलं, "चैत्री पुनवेपातुर थेंब थांबलं तर बरं. न्हाईतर चाकणच्या हिंदुरावाला व्हय म्हणते म्या."

हिंदुराव पन्नाशीचा. दोन बायका गेलेल्या.

"त्याला आसरांचं भ्या न्हाई," आत्या म्हणाली.

"आसरांनाच त्याचं असंल," असं म्हणून मी ताट सरकवलं.

आणि दुसऱ्या दिवशी न्हाऊन, केस मोकळे सोडून, आईचं हिरवं लुगडं नेसून मी विहिरीवर निघाले. भेटायचंच आहे तर नीटनेटकं भेटावं!

त्या वेळची शांतता मला अजून आठवते. पाखरू नाही, वारा नाही. सावल्या पायाखाली गोळा झालेल्या. चिंचेचं एक पान हलत नव्हतं आणि तरी कुठून तरी आवाज येत होता — टप्... टप्... मध्ये थांबायचा, पुन्हा टप्. परत फिरावं असं फार वाटलं, पण पाय पुढंच जात होते.

चिंचेच्या दाट सावलीत काहीतरी भलंमोठं, मातकट हिरवं उभं होतं. त्याच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आले होते. माणसाचे पाय. आणि आतून कुणीतरी हळू आवाजात गुणगुणत होतं.

"कोण हाय?" मी विचारलं. आवाज माझाच, पण मला ओळखू आला नाही.

गुणगुणणं थांबलं. पाय आत गेले, दुसऱ्या बाजूनं डोकं बाहेर आलं. तेलानं माखलेलं तोंड, त्यात मोठे मोठे डोळे. त्यानं माझ्याकडं पाहिलं, हिरव्या लुगड्याकडं पाहिलं, मोकळ्या केसांकडं पाहिलं... आणि हातातला पाना टाकून थेट हात जोडले.

"आई, चुकलं माझं. पानी घेतलं रोज, न इचारता. पर येवढ्यानं नेऊ नगा!"

मला हसू फुटलं ते थांबेचना. "आई कुणाला म्हणता वं? माझं अजून लगीन व्हायचंय!"

"म्हंजी... तुमी जित्त्या हाय?"

"तुमी हाय का?"

त्यानं स्वतःकडं पाहिलं. "सकाळपातुर तरी हुतो," तो म्हणाला. असं आमचं पहिलं बोलणं.

त्याचं नाव ज्योतीराम. कोरेगावकडचा. पिंपरीला कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तिथं तो चाकणकडून दगड आणायचा. ट्रक लढाईतला, देहूरोडला लिलावात निघालेला. चारही चाकांना जोर असल्यामुळं खाणीतून भरलेला वर यायचा, पण पुढच्या उजव्या चाकापाशी गळायचा.

"ह्यो बघा त्याचा बूट," तो म्हणाला.

"ट्रकाला बूट?"

"मग? पुढचं चाक वळतंय बी आन् वढतंय बी. तितं आत सांधा असतोय. त्यावर ह्यो कातड्याचा बूट. आत वंगन ऱ्हायला पायजे, भाईर धूळ. आता समदं उलटं चाललंय. चांभाराकडनं दोनदा शिवला, शिवन काय टिकत न्हाई. म्हनून रोज सावलीला थांबून तेल घालतो, मग विहिरीच्या काठापातुर नेऊन इंजनाला पानी पाजतो. सांधा कोरडा पडून धरला, तर ट्रक भंगारात. आन् मुकादम म्हनतोय, संगं तूबी."

"पर बारालाच कशापायी थांबता? लोक भ्यात्यात हितं."

"खाणीतनं सुटतो त्याच वक्ताला. ट्रकाला कुटं कळतंय बारा वाजल्यालं?"

म्हणजे महिनाभर वाडी ज्याला हळदकुंकू वाहत होती ते हे वंगण होतं! पळत जाऊन आत्याला सांगायला हवं होतं मी. पण काय सांगणार? भर बाराला, केस मोकळे सोडून, परक्या पुरुषाशी विहिरीवर बोलत होते म्हणून? हिंदुरावाला पुनवेचीही वाट पाहावी लागली नसती. थेंब थांबवणं हाच एक उपाय होता.

मी वाकून त्या बुटाकडं पाहिलं. कातड्याची घडीघडीची नळी, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. "आवं, ही तर मोटंची सोंड, पानी वतायची!"

"काय?"

"आमी सुतानं शिवत न्हाई. सूत कुजतं, भोकं मोठी व्हत्यात. कातड्याची वादी लागते, भिजवून दुहेरी घातलेली. आन् ही शिवण खाली कुणी ठिवली? समदं वजन खाली. सोंडंची शिवण कायम वर."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "तुमी खरंच आसरा न्हाई न्हवं?"

चार दुपारी लागल्या. आबा जेवून पडायचे, आत्या डुलकी घ्यायची आणि मी आरी, मेण, वाद्या पदराखाली घेऊन निघायची. त्यानं बुटाची जुनी शिवण उसवली, कुजलेलं सूत काढलं, आतलं पातळ तेल पुसून सांधा लख्ख केला. मी ट्रकाखाली पाठीवर पडून वादी ओढायची, तो पलीकडून कातडं दाबून धरायचा. दोघांच्या तोंडांत चाकाएवढं अंतर. मी मान वळवली की तो घाईघाईनं वर बघायचा. वर बघायला तिथं काय होतं? लोखंड!

"हात कापतोय तुमचा," मी म्हणायची.

"कातडं जड हाय."

"व्हय का... कालपरीस?"

मधूनच विहिरीत काहीतरी डुबकन वाजायचं. कासव असेल, असं तो म्हणायचा. आमच्या विहिरीत कासव नव्हतं. मी नुसती जरा त्याच्या बाजूला सरकायची.

चौथ्या दुपारी त्यानं पातळ तेलाऐवजी घट्ट वंगण भरलं, पट्टे आवळले. आम्ही खडकाकडं बघत बसलो. एक थेंब पडला नाही.

"झालं," मी म्हणाले.

"झालं," तो म्हणाला. मग पाना पुसत — "मुकादम म्हनत हुता, ट्रक धड झाला की नाशकाकडं घाटाच्या कामावर धाडतो. थांबायला कारन उरलं न्हाई आता..."

मी काही तरी बोलावं म्हणून तो थांबला होता. हिंदुरावाचं त्याला मी सांगितलंच नव्हतं. दया दाखवून कुणी मला न्यावं, हे मला नको होतं. अशी खोड माझी! "नीट जावा," एवढंच म्हणाले आणि मागं न बघता घरी आले. घरी येऊन भाकरी थापताना रडले. आत्याला वाटलं, चुलीचा धूर.

थेंब थांबले. आत्यानं आसरांना नारळ फोडला. मी सुटले होते आणि मला काही गोड लागत नव्हतं.

पुनवेच्या दिवशी विहिरीकडून एक पोरगा ओरडत आला, "थेंब! परत थेंब पडल्यात!"

आत्यानं हातातलं सूप खाली ठेवलं. मग उठून म्हणाली, "सांजच्याला हिंदुरावाला सांगावा धाडते."

मी धावत सुटले. उन्हं कलायला लागली होती. विहिरीच्या काठावर, मी बसायची त्याच दगडापर्यंत थेंब आले होते. ट्रक नव्हता. मी थेंबावर बोट टेकलं. काळं लागलं नाही. नुसतं गार लागलं. त्या तापलेल्या दगडावर, इतकं गार... तेव्हा घाईत मी विचार केला नाही. थेंबांमागून उलटी वर गेले. चिंचेपाशी ते काळे झाले, चिकट झाले. आणि रस्त्याच्या कडेला ट्रकाला टेकून तो बसला होता. हातात तेलाचा डबा.

"तुमी वतलं?" मी ओरडले.

"व्हय," तो उठून म्हणाला. "बूट गळतच न्हाई. आठ दिसांत थेंब न्हाई. उद्या नाशकाला निघायचंय. वाटलं, थेंब दिसलं तर तुमी बघाया याल. एवढं एकच कारन सुचलं मला..."

"आवं शहाणे! त्या थेंबांपायी आज मला पन्नाशीच्या माणसाला देत्यात!" आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. आसरा, फिरलेली स्थळं, पुनव, हिंदुराव.

त्यानं डबा खाली ठेवला. "हे आदी का सांगितलं न्हाई?"

"तुमी तरी कुटं काय सांगितलं?"

"सांगतो. नाशकाला मला एकट्याला जायचं न्हाई. तुमी येता?"

मी मान हलवली. होकाराची होती. त्याला कळायला जरा वेळ लागला.

ट्रक थेट आमच्या दारात आला. सगळी वाडी जमली. ज्योतीरामनं डबा आत्यापुढं ठेवला, मला मागं उभी करून स्वतः पुढं झाला आणि सगळं कबूल केलं. मग बूट दाखवला. आबा वाकले, त्यांनी शिवणीवरून बोटं फिरवली. दिसत नसलं तरी बोटांना कळत होतं.

"ही माझ्या इंदीची वादी," ते म्हणाले. "पोरगा कातडं नीट दाबून धरणारा दिसतुया."

आत्यानं बराच वेळ त्याला वरखाली न्याहाळलं. मग विचारलं, "देवक कोणतं तुमचं?"

"कळंब."

"आमचं पंचपालवी." आत्यानं सुस्कारा सोडला. देवक एक नव्हतं. लग्नाला अडचण नव्हती. "हातपाय धुवून घे. तेलकट जावई मी ओवाळत न्हाई."

संध्याकाळी ओसरीवर चहा पिताना मी त्याला हळूच म्हणाले, "पर विहिरीपातुर कशाला वतलंत? माझ्या दगडापातुर?"

त्यानं कप खाली ठेवला. "विहिरीपातुर? न्हाई बा. मी चिंचंपातुरच वतलं. डब्यात तेवढंच तेल हुतं."

मी त्याच्याकडं बघितलं. तो थट्टा करत नव्हता. मला माझं काळं न झालेलं बोट आठवलं... आणि तो गारवा.

लग्नानंतर ट्रकात बसून निघायच्या आधी मी एकटी विहिरीवर गेले. भर बाराला. हिरव्या बांगड्या आणि खण त्या दगडावर ठेवला. पाणी स्तब्ध होतं. मी म्हणाले, "बोलावलंत तुमी. पर मला न्हाई, त्याला माझ्याकडं." खाली डुबकन वाजलं. मी मागं वळून पाहिलं नाही, आणि मला भीतीही वाटली नाही.