आर्डिसताईचं राहून गेलेलं पशुआहारशास्त्र

ब्रिट्टाने पशुवैद्यकीय कॉलेजचं पत्र टेबलावर टाकलं आणि समोर रूबार्बच्या आंबटगोड देठांची पेस्ट्री कापणाऱ्या थोरल्या बहिणीकडे असं पाहिलं, की आर्डिसच्या हातातली सुरी जागच्या जागी थबकली...

जागा मिळाली होती, पण एका अटीवर. ब्रिट्टाने केलेलं मानवी आहारशास्त्र चालणार नव्हतं. ऑगस्टच्या आत पशुआहारशास्त्र पूर्ण केलं नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

"तू मला अडवायला हवं होतंस, ताई."

वास्तविक आर्डिसने दोन वर्षांपूर्वी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. पण मानवी आहाराचा तास सोयीच्या वेळी होता, सोपाही होता; आणि गोठ्यात पेंड कालवणाऱ्या बहिणीला कॉलेजातलं काय कळतं, असं ब्रिट्टा तेव्हा हसत म्हणाली होती. ते हसणं आर्डिसच्या अंतःकरणात अजून रुतून होतं. तरी ती आता एवढंच म्हणाली, "हो गं, चुकलंच माझं."

आमच्या विस्कॉन्सिनात थंडी अशी, की एका जानेवारीत टॉलेफ्सनांच्या, म्हणजे या बहिणींच्या घरच्या, गाईंनी आइस्क्रीमच दिलं. मी दोन वाट्या खाल्ल्यात. तसल्या थंडीतही आर्डिसची धार कधी चुकली नाही. आई गेली तेव्हा ब्रिट्टा तीन वर्षांची. तिला या बहिणीनेच वाढवलं. आणि चाऱ्याची पारख अशी, की पोत्यावर नुसता हात ठेवून आतली प्रथिनं सांगायची!

दुसऱ्या दिवशी ब्रिट्टाने उन्हाळ्यात घरबसल्या करायचे तीन अभ्यासक्रम शोधले आणि सगळ्यात लवकर संपणाऱ्याचा अर्ज भरायला घेतला. आर्डिसने हात पुसले, चष्मा लावला.

"हा दोनच क्रेडिटांचा. त्यांना तीन हवेत. दुसरा नुसता कुत्र्यामांजरांचा. तिसऱ्यात रवंथ करणारी जनावरं आहेत, तो घे. पण पैसे भरण्याआधी त्याची रूपरेषा कॉलेजला पाठव, लेखी होकार घे. नाहीतर पुन्हा रडशील."

"तुला हे कसं माहीत?"

आर्डिस कॉफी ओतायला वळली. उत्तर दिलं ते म्हाताऱ्या हालवरने, त्यांच्या वडिलांनी. एकोणीस वर्षांपूर्वी आर्डिसचे पशुवैद्यकीय प्रवेशाला लागणारे सगळे विषय झाले होते. राहिलं होतं फक्त पशुआहारशास्त्र. त्याच्या तिसऱ्या आठवड्यात आई अंथरुणाला खिळली आणि पोरगी वह्या मिटून घरी आली... "तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिने मला."

ब्रिट्टा उठून आर्डिसपाशी गेली. मग बहिणीच्या पाठीला बिलगून हमसून हमसून रडली. "मीच चुकले, ताई. तू नाही."

कॉलेजचा होकार आल्यावर तिने अर्ज भरले. दोन. एक स्वतःचा, एक बहिणीचा.

"वेडी का तू? दहा वर्षांवरचे विषय धरत नाहीत ते. माझं सगळं बाद झालंय."

"प्रवेशासाठी नाही गं. अर्धं राहिलं होतं ना, म्हणून."

त्या उन्हाळ्यात टॉलेफ्सनांच्या गोठ्यात दोघी बहिणी धारा काढता काढता मोठमोठ्याने धडे म्हणायच्या. ऐकून ऐकून त्यांची एक तांबडी गाय इतकी शहाणी झाली, की मुरघासात मका कमी पडला की पायाने गणित मांडून दाखवायची. खोटं वाटत असेल, तर गाईला विचारा.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. ब्रिट्टाला त्र्याण्णव. तिची जागा पक्की झाली! आर्डिसला सत्त्याण्णव. हालवरने तो आकडा चर्चमध्ये, चीजच्या कारखान्यात आणि पेट्रोल पंपावर, ज्याने विचारलं नव्हतं त्याला आधी सांगितला.

ब्रिट्टा जायच्या सकाळी बॅगा गाडीत गेल्या तरी आर्डिस टेबलापाशीच. समोर कॉलेजच्या प्रवेशाला लागणाऱ्या विषयांची यादी. पशुआहारशास्त्रापुढे तिने बरोबरची खूण केली आणि पेन्सिल खालच्या ओळीवर टेकवली.

"ब्रिट्टा, रसायनशास्त्राची तुझी पुस्तकं नेतेस की ठेवतेस?"