लवंगी आणि कडू कारलं

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चंद्रावर चला. तिथे दक्षिण ध्रुवाजवळ चाळीस किलोमीटर रुंदीचं एक विवर आहे असं समजा. त्याच्या तळाशी बर्फ, आणि दोन काठांवर दोन वसाहती. या काठावर शुभ्रगड, त्या काठावर नीलकडा. दोन्हीकडची माणसं एकाच यानातून आलेली, एकच भाषा बोलणारी. पण बर्फावरून भांडण झालं, भांडणाची लढाई झाली, आणि आता दोन्ही काठांवर एकेक लांब पल्ल्याची तोफ होती. आता शुभ्रगडात, जमिनीखाली बारा मीटरवर, एक लहानशी खोली बघा. तिथे चौदा वर्षांची शमी तुंगारे वाचनपाटी मांडीवर घेऊन बसली आहे. ती रागावलेली आहे, आणि फार खूश आहे.

वाचनपाटी म्हणजे पुस्तक वाचायची पातळ पाटी. चंद्राभोवती फिरणारं ग्रंथयान तिला पुस्तकं पुरवत असे. हे यान कुणाच्याच बाजूचं नव्हतं, दोन्ही काठांना ते सारखीच पुस्तकं देई. त्या महिन्यात त्यावर 'तुझी कट्टर वैरीण' नावाची कादंबरी सुरू होती. रेवा आणि मल्हार या दोन पत्रमित्रांची गोष्ट. शाळेने बळेच जोडी लावून दिलेली, आणि दोघांच्या बापांचं जुनं हाडवैर. मल्हारच्या बापाला रेवाचं पत्र जिथे दिसेल तिथे तो कुऱ्हाड चालवी, रेवाचा बाप मल्हारच्या पत्रावर. आणि ही दोघं पत्रांतून एकमेकांना शिव्या देता देता हळूहळू प्रेमात पडत होती. दर सोमवारी सकाळी दहाला एक नवं पत्र येई. ते वाचून मुलं आपापली मतं ग्रंथयानाच्या मतफळ्यावर लिहीत. तिथे खरी नावं नव्हती, काठही नव्हते.

शमीचं तिथलं नाव होतं लवंगी. अकरावं पत्र वाचून तिने लिहिलं, "मल्हारचा एवढा राग येतो तर रेवा उत्तर का पाठवते? कारण तिला त्याचं पुढचं पत्र हवं असतं. हे ज्याला कळत नाही त्याने परत अंकलिपीपासून सुरुवात करावी."

दोन मिनिटांत तिच्या नेहमीच्या शत्रूचं मत आलं. त्याचं नाव कडू कारलं. "लवंगीबाई, तुमच्या हिशेबाने जो जास्त शिव्या देतो त्याचं प्रेम जास्त. मग तुमचं माझ्यावर भलतंच दिसतंय."

शमीचे कान तापले. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून तिच्या आतेभावाने, निनादने, आपलं मत टाकलं. "या दोघांना एका खोलीत कोंडा आणि कादंबरी संपवा." काचेच्या दारातून तो तिच्याकडे बघून दात काढत होता. तिने त्याला ठोसा दाखवला.

पाच मिनिटांनी निनादच्या खोलीचं छत फुटलं.

चंद्रावर हवा नाही, म्हणून गोळा येताना आवाज येत नाही. फक्त जमीन हादरली. निनादच्या खोलीतली सगळी हवा भोकातून बाहेर धावली. चादर, वह्या, पाण्याचा ग्लास, सगळं तिच्यामागोमाग वर गेलं. दोन खोल्यांमधलं काचेचं दार आपोआप घट्ट बसलं. निनाद दारावर येऊन आदळला. त्याचे दोन्ही तळवे काचेवर होते. शमीने कडी ओढली, लाथा मारल्या, स्टूल फेकून मारलं. दार उघडलं असतं तर तीही मेली असती, म्हणून ते उघडत नव्हतं. तसंच बनवलं होतं ते. अकरा सेकंदांनी ते तळवे घसरत खाली गेले.

निनादची आई, म्हणजे शमीची आत्या, डॉ. यमुना कारखानीस, शुभ्रगडाच्या श्रवणकेंद्राची प्रमुख होती. तिसऱ्या दिवशी ती कामावर आली आणि तिने शमीला शेजारी बसवून ठेवलं. एकटं सोडवत नव्हतं. समोर सेनाप्रमुख कर्नल विसपुते उभे होते.

"डॉक्टर, एकोणीस गोळे," कर्नल म्हणाले. "आपली तेवीस माणसं गेली. आपली घरं जमिनीखाली, नकाशे आपल्याकडे. मग त्यांना नेम सापडतो कसा?"

"आपल्याला सापडतो तसाच," आत्या म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "मैदानात तीन माणसं डोळे मिटून लांब लांब बसवा. कुणीतरी टाळी वाजवली, तर जवळच्याला ती आधी ऐकू येईल, लांबच्याला नंतर. कोणाला किती उशिरा ऐकू आली ते मोजलं की टाळी कुठे वाजली ते नकाशावर दाखवता येतं. आपण टाळीऐवजी रेडिओलहर ऐकतो. ती एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जाते. म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात तीनशे मीटर. आपल्या तीन मनोऱ्यांवरची घड्याळं त्याच्याही शंभराव्या भागापर्यंत मोजतात. म्हणजे किती?"

"तीन मीटर," शमी पुटपुटली.

"तीन मीटर. त्या काठावरून कुणीही एक शब्द जरी पाठवला, तरी तो कुठून आला हे मला तीन मीटरच्या आत कळतं. मी ते ठिकाण तोफेला कळवते. तोफ गोळा सोडते, आणि तो तीन मिनिटं बेचाळीस सेकंदांत तिथे पडतो."

"पण आपल्याकडून शब्द जातोच कुठे? रेडिओला बंदी आहे. तोफसुद्धा तारेवर चालते. आणि ते लेकाचे मात्र खुशाल सांकेतिक निरोप धाडतात. हे पाहा ना." कर्नलांनी कागद काढला. "'त्याने तिसऱ्या पत्रातच माफी मागायला हवी होती.' आमचा कूटविभाग म्हणतो, तिसरं पत्र म्हणजे तिसरा बोगदा. माफी म्हणजे माघार. आम्ही लगेच तिसऱ्या बोगद्याच्या तोंडावर—"

"कर्नलकाका," शमी म्हणाली. "हे निरोप नाहीत. हे कडू कारलं आहे."

"काय?"

तिने वाचनपाटी उघडून मतफळा दाखवला. कर्नल वाचत गेले. लवंगी, कडू कारलं, निनादचं शेवटचं मत. आत्याने पाटी ओढून घेतली आणि मतांच्या वेळा गोळ्यांच्या वेळांशेजारी मांडल्या. एकोणीसच्या एकोणीस जुळल्या.

मुलांनो, चूक कुठे झाली ते कळलं का? कर्नलांनी सगळे रेडिओ गोळा केले होते, म्हणून श्रवणकेंद्र तोवर फक्त पलीकडचा काठ ऐकत होतं, आपला नाही. पण वाचनपाटी म्हणजे पुस्तक, आणि पुस्तक बोलत नाही, असं सगळ्या मोठ्यांनी धरून चाललं होतं. हे पुस्तक मात्र बोलत होतं. मत लिहिलं की ते छतावरच्या अँटेनातून ग्रंथयानाकडे जाई. त्या काठावरच्या मोठ्यांनीही नेमकं हेच केलं होतं. प्रेमकथेवर मत कोण लिहितं? बारा, तेरा, चौदा वर्षांची मुलं. दोन्ही काठांवरच्या तोफा इतके दिवस नेमकी तीच टिपत होत्या.

आत्या भिंतीला टेकली. "मी किती ठिकाणं कळवली तुम्हाला?" तिने विचारलं.

"सतरा," कर्नल म्हणाले. मग कागदाची घडी घालत, "असू दे. आता उलट फायदा आहे. हे कारलं हिने डिवचलं की हटकून उत्तर देतं. हिला डिवचू दे. पोरगं असेल, पण जिथे ते राहतं तिथे आणखी पन्नास जण राहतात. त्यांनी आपल्या निनादला सोडलं?"

"आत्या?" शमीने विचारलं.

आत्या तिच्याकडे न बघता म्हणाली, "लिही."

मत श्रवणकेंद्रातून लिहिलं तर गोळा तिथेच पडणार. म्हणून कर्नलांनी एक किलोमीटर लांबीची वायर टाकली आणि अँटेना एका ओसाड खाणीत नेऊन ठेवली. शमी वायरच्या या टोकाशी बसली. पुढच्या सोमवारी आलेल्या बाराव्या पत्रावर तिने लिहिलं, "कारल्या, मल्हार भित्रा आहे आणि तू त्याचा वकील."

उत्तर दीड मिनिटात आलं. "भित्रा तो, जो लांबून बोलतो. लवंगीबाईंनी हे जवळ येऊन सांगावं."

आत्याच्या पडद्यावर ठिपका उमटला. तोफ सुटली. मग आत्याने नकाशा मोठा केला आणि तिचा हात थांबला. "इथे काहीच नाही. नुसता उतार आहे. घर नाही, बोगदा नाही."

"चूक झाली असेल."

"माझ्या घड्याळांची चूक होत नाही. त्याची अँटेनासुद्धा वायरच्या टोकाला आहे, कर्नल. त्याच्या शेजारीही कुणीतरी तुमच्यासारखं उभं आहे."

कर्नलांनी गाल चोळला. "मग सोपं आहे. वायर फार तर किलोमीटरभर असणार. सोमवारी तेरावं पत्र येईल, तेव्हा त्याला परत बोलतं करा. ठिपक्याभोवती किलोमीटरचं वर्तुळ काढून त्यातला एकही खड्डा सोडायचा नाही. साठ गोळे लागले तरी चालतील."

"ते लोकही हेच म्हणत असतील," शमी म्हणाली.

शमीने मनात आपल्या खाणीभोवतीही तसंच वर्तुळ काढलं. त्यात श्रवणकेंद्र येत होतं, शाळा येत होती, उरलेली बासष्ट माणसं येत होती. नीलकड्याचा गोळा खाणीतल्या अँटेनावर पडायला अजून दोन मिनिटं होती. ती भराभर लिहू लागली.

"काय लिहितेस?"

"मत."

"लिही, लिही. पोरखेळ नुसता," कर्नल म्हणाले आणि त्यांनी पाठ फिरवली. मतं निरर्थक होती तेव्हा त्यांनी त्यांत संकेत शोधले होते. आता खरोखरच निरोप जात होता, आणि त्यांनी वाचलासुद्धा नाही.

"रेवाने तेरावं पत्र बापाच्या सगळ्यात लाडक्या वस्तूखाली ठेवावं," तिने लिहिलं. "मल्हारनेही त्याच घटकेला तसंच करावं. बापांच्या कुऱ्हाडी पत्र दिसेल तिथेच पडतात ना? मग पडू देत. पण मल्हारने उशीर केला तर रेवाकडे कुऱ्हाड उरणार नाही, आणि मल्हारच्या बापाकडे मात्र राहील."

मिनिटभराने ओळ आली. "अत्यंत मूर्ख कल्पना. आधी कोण ठेवणार?"

"रेवा," शमीने लिहिलं, आणि खाणीतली अँटेना उडाली.

सोमवारी सकाळी नवी अँटेना दुसऱ्या खाणीत ठेवायचं काम तिने मागून घेतलं. चंद्रावर वाढलेली मुलं दहाव्या वर्षापासून निर्वातपोशाख घालून एकटी बाहेर जातात, त्यात कुणाला काही वाटलं नाही. खाणीच्या वाटेवर तोफेचा बोगदा होता. तोफेवर माणूस नसे. ती रुळांवरून आपली आपण बाहेर येई, गोळा सोडी आणि आत जाई. साठ गोळे सोडायचे म्हणून त्या सकाळी ती आधीच बाहेर येऊन उभी होती. शमीने रुळांच्या मधोमध, तोफेच्या पोटाखाली, अँटेना खोचली आणि परत आली.

दहा वाजले. तेरावं पत्र आलं. तिने ते वाचलं नाही. "रेवाने पत्र ठेवलं," एवढंच लिहून तिने पाठवून दिलं.

आत्याच्या पडद्यावर आपल्याच काठावर ठिपका उमटला. तिने तो पाहिला, नकाशा पाहिला, आणि हळूच वळून शमीकडे पाहिलं.

"शमे, हे तू काय केलंस?"

"काय झालं?" कर्नल धावत आले. ठिपका पाहून त्यांचा चेहरा जांभळा पडला. "तोफ! तोफ आत घ्या! रुळांवरून मागे घ्यायला एकच मिनिट लागतं!" त्यांनी शमीला दंडाला धरून खुर्चीतून ओढलं. तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं आणि भुवईतून रक्त आलं. पण पाटी तिने सोडली नाही.

"तोफ आत घेतली तर तिला गोळा सोडता येणार नाही," आत्या म्हणाली. "थांबा जरा."

"कशासाठी थांबा? तीन मिनिटांत ती खलास होईल!"

"दोन मिनिटं पन्नास सेकंद."

घड्याळ पुढे सरकत होतं. दोन तीस. दोन वीस. फळा रिकामा. शमी रक्त पुसत होती. कारल्याने काही लिहिलं नसतं तर शुभ्रगडाकडे तोफ उरली नसती आणि नीलकड्याकडे उरली असती. मग बासष्ट माणसांनी काय करायचं होतं? कर्नलांचा हात तोफ मागे घ्यायच्या दांड्यावर गेला.

एक मिनिट पन्नास सेकंद उरले असताना त्या काठावर ठिपका उमटला.

"इथे रूळ आहेत," आत्या म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "कर्नल, ही त्यांची तोफ आहे. तुमची तोफ मागे घ्या, नाहीतर त्यांची उडवा. नेम धरायलाच एक मिनिट जाईल, दोन्ही जमणार नाही."

कर्नल सैनिक होते. हात दांड्यावरून निघाला आणि कळीवर पडला. मिनिटभराने जमीन हलली. तिकडून निघालेला गोळा आणि इकडून निघालेला गोळा विवरावरच्या काळ्या आकाशात एकमेकांच्या बाजूने निघून गेले. आता ते परत बोलावणं कुणाच्याच हातात नव्हतं.

शमीने पाटीकडे पाहिलं. कारल्याचं मत लांब होतं. त्याने घाईने लिहिलेलं दिसत होतं.

"मल्हारनेही ठेवलं, आणि कुऱ्हाड मागे ओढता येऊ नये म्हणून रुळांत दगड अडकवलाय. पण एक सांगतो. माझी बहीण तुमच्या सोळाव्या गोळ्यात गेली. ती नऊ वर्षांची होती. तिला कादंबरी कळतसुद्धा नव्हती, माझ्या पाटीवर उगाच 'छान' असं लिहायची. त्या दिवशीही लिहिलं. तिचं ठिकाण कुणी काढलं ते मला माहीत नाही. त्याने काहीतरी लिहावं."

अँटेना उडायला पंचेचाळीस सेकंद होते. शमी उठली. तिने पाटी आत्यासमोर, श्रवणकेंद्राच्या टेबलावर ठेवली, आणि आत्याचा हात धरून पाटीवर नेला.

"आत्या," ती म्हणाली, "आता तू लिही."