कोमट डिझेल

वीज गेली तेव्हा मोहाकाका गॅरेजच्या दारात शेगडीवर चहाची किटली ठेवून बसले होते. भावाची मुलं, इद्दर आणि सफिया, कॉलेजच्या सुट्टीला वाळवंटाकाठच्या अल्निफ गावी आलेली. निखाऱ्यांच्या उजेडात सफियाला फळीवरचं फडक्यात बांधलेलं गाठोडं दिसलं.

"काका, ते काय आहे?"

"गाडीचा डिझेल पंप. उजाडल्यावर सांगतो."

"सांगा हो आत्ताच," इद्दर हसला. "फार तर रात्रभर दिवा लावून झोपेल ही."

"वीज आहे का दिवा लावायला?" काकांनी चहा ओतला. "बास्सू टॅक्सीवाला माहीत आहे ना? त्याची गोष्ट. खोटं बोलण्याइतकी अक्कल नाही त्याला, म्हणून सांगतो."

अकरा वर्षं झाली. डिसेंबरची तेरा तारीख, शुक्रवार. बास्सूची मुलगी तूदा पहिलटकरीण. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, एर्राशिदिया शहरातल्या इस्पितळात न्या. रुग्णवाहिका दुसऱ्या बाईला घेऊन आधीच गेलेली. बास्सूनं आपली जुनी डिझेल टॅक्सी काढली. मागच्या सीटवर तूदा, तिचं डोकं मांडीवर घेऊन बास्सूची थोरली बहीण इत्तो.

"हळू चालव रे, मेंढरं नाहीत मागे," इत्तो म्हणाली.

"हळू म्हणतेस आणि लवकर पोचव म्हणतेस. दोन्ही कसं जमवू, अक्का?"

अर्ध्या वाटेवर डिझेलचा वास आला. इंजिन उचक्या द्यायला लागलं आणि बंद पडलं. अजून सत्तर किलोमीटर. दोन्हीकडे माळ. घड्याळात पावणेबारा.

बास्सूनं बॉनेट उघडलं. इंजिनाच्या कुशीतला पंप गळत होता. डिझेल बाहेर, हवा आत. दुखणं जुनंच, आतलं रबरी वायसर बदललं की झालं. त्यानं पंपाखाली सार्डिन माशांचा रिकामा डबा धरला आणि पान्यानं जोड सैल केला. तापलेल्या इंजिनातलं डिझेल डब्यात उतरलं. वायसर निघालं ते दोन तुकडे होऊन. ते खिशात टाकून तो त्याच खिशात नवं चाचपू लागला.

मागून तूदा ओरडली, "बा!"

बास्सू दचकला. मान तिकडे, हात इकडे. डबा त्यानं तसाच चाकाशी उपडा केला.

काका थांबले. "सफिया, तुझी आई मोरीत उकळतं पाणी टाकताना काय म्हणते?"

"बिस्मिल्ला."

"का?"

"खाली जिन-बिन कोणी असेल तर... बाजूला व्हावं म्हणून."

"बास्सूही म्हणायचा. रोज. ऑइल बदलताना, रेडिएटर रिकामा करताना. त्या रात्री नाही म्हणाला."

चाकापाशी कोणीतरी श्वास ओढला.

स्स्स...

चटका बसल्यावर लहान मूल ओढतं, तसा.

"तूदा?" बास्सूनं विचारलं.

"ती इथंच आहे," इत्तो आतून म्हणाली. "तू कोणाशी बोलतोस?"

त्यानं बॅटरीचा उजेड खाली धरला. वाळू कोरडी. डबाभर डिझेल ओतलं होतं, डाग नव्हता. होता फक्त एक खळगा. लहान पोर फतकल मारून बसलं होतं जणू. बास्सू बघत होता आणि खळगा हळूहळू भरून आला. बसलेलं उठलं होतं.

मग मुसमुसणं. आता चाकापाशी नाही. त्याच्या गुडघ्यापाशी...

बास्सूला पळता आलं असतं. पण मागच्या सीटवर लेक होती.

"चुकलो," तो कसाबसा म्हणाला. "दिसलं नाही मला. माझी पोर आहे आत. तिला पोचू दे. मग माझं काय करायचं ते कर..."

मुसमुसणं थांबलं.

काही नाही. वाराही नाही.

तूदा पुन्हा किंचाळली. बास्सूनं बॉनेट आपटलं, आत बसला, किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

सत्तर किलोमीटर तो काच खाली न घेता गेला. डिझेलचा वास नव्हता. उचकी नव्हती. फक्त चढ आला, इंजिनाचा आवाज जड झाला, की बॉनेटखालून ऐकू यायचं... दात आवळून कळ सोसणारं कोणीतरी.

"बास्सू," इत्तो एकदाच म्हणाली. "पुढं कोण रडतंय?"

त्यानं गिअर बदलला.

पहाटे मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप. बास्सूनं हसत हसत रुमाल काढायला खिशात हात घातला... आणि हाताला लागलं ते फाटकं वायसर. शेजारी नवं. कागदी पुडीत, न उघडलेलं.

"त्यानं बसवलंच नव्हतं?" इद्दरचा आवाज बारीक झाला होता.

"मला फोन केला त्यानं. मी गेलो. बॉनेट मीच उघडलं. जोड सैल तो सैलच. आत वायसर नाही, आणि थेंब नाही. पंप काढला, बास्सूला दुसरा बसवून दिला. हा मात्र घरी नेणार नाही म्हणाला."

काकांनी फळीपाशी जाऊन तिथंच गाठोड्याचं फडकं सोडलं. इद्दरनं मोबाइलचा उजेड धरला. पंपाच्या जोडाभोवती धातू दबला होता, कणीक दाबावी तसा. चार बोटं, एक अंगठा. चार-पाच वर्षांच्या पोराची असावीत एवढी.

"हातोडीचे घाव असतील," इद्दर म्हणाला. पुढं मात्र झाला नाही.

बाहेर थंडीनं हाडं गारठत होती. शेगडी दाराशी होती. फळी पार आतल्या भिंतीला. सफियानं भीत भीत एक बोट त्या खोबणीत ठेवलं आणि चटकन मागे घेतलं.

"काय गं?"

ती आपल्या बोटाकडे बघत राहिली.

"काका... हे कोमट आहे."